उजवी कुणाची

गाडी तापते म्हणून येणाऱ्या माणसाला मी पहिला प्रश्न एकच विचारतो. पळताना तापते की थांबल्यावर? निम्म्या लोकांना हे सांगता येत नाही. "तापते हो, बस, तापते," एवढंच. अरे बाबा, ताप आलेलं पोरसुद्धा कुठं दुखतंय ते दाखवतं! पळताना तापली तर पाणी बघायचं, उभी राहिल्यावर तापली तर पंखा. गाडी पळत असते तोवर समोरून वारा येतो आणि रेडिएटरमधलं पाणी आपोआप थंड होतं, पंख्यावाचून काही अडत नाही. सिग्नलला उभी राहिली की मग पंख्याचं काम. पण एवढं लक्षात ठेवायचं म्हटलं की लोकांच्या जिवावर येतं.

त्या दिवशी मात्र प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर आलं.

"काका, उभी राहिली की काटा वर जातो. पळताना काही नाही. पंखाच गेला असणार."

मी दुसऱ्या एका गाडीच्या बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. समोर ठकी. माझी पुतणी, थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. नाव तिचं चांगलं भारदस्त ठेवलंय, पण ती पाळण्यात होती तेव्हापासून मी तिला ठकीच म्हणतो. आता कुठल्याशा मोठ्या ऑफिसात नोकरीला आहे, तरी ठकीच. तिच्या मागे दादाची जुनी निळी गाडी, बॉनेटच्या फटीतून वाफ सोडत उभी होती. सहा वर्षांत ना ठकी या गॅरेजच्या दारात आली होती, ना ती गाडी.

"एवढ्या शहरात तुला दुसरं गॅरेज मिळालं नाही?" मी म्हणालो. म्हणायचं होतं, ये गं बाळा, बस, किती वाळलीस. पण आमचं तोंड हे असं.

"तापली ती मागच्या सिग्नलला. मी काय करू?"

मागच्या सिग्नलपासून माझ्या दारापर्यंत तीन गॅरेजं लागतात. मी ते बोलून दाखवलं नाही.

"लवकर होईल ना काका? पाचला निघायचंय आम्हाला."

"कुठं एवढी घाई?"

"आई सामान घेऊन सकाळीच पुढं गेली. घराच्या किल्ल्या आज मालकाला द्यायच्या आणि मग मी आणि बाबा निघणार. आता माझ्याकडेच राहणार दोघं."

"किती दिवस?"

"दिवस कसले काका? कायमचे."

तिचं गाव इथून आठ तासांवर. गेली सहा वर्षं दादा माझ्याशी बोलत नव्हता हे खरं, पण तो याच शहरात होता. चार बस-स्टॉप पलीकडे. आज नाही तर उद्या जाईन, येत्या रविवारी जाईन, असं म्हणत मी सहा वर्षं काढली होती. आता पाच वाजता तो जाणार होता, आणि त्याला सांगायची एक गोष्ट माझ्याकडे तशीच पडून होती. घड्याळात पावणेदोन झाले होते.

आता ती गोष्ट काय, ते तुम्हाला सांगतो. त्याला सांगायला जमलं नाही, निदान तुम्हाला तरी सांगतो.

हे गॅरेज आमचं दोघांचं. गाडीचं वायरिंग, बॅटरी, डायनॅमो, सेल्फ, पंखे, जे जे विजेवर चालतं ते सगळं. बावीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून केलं. दादा उस्ताद माणूस. त्याचे कान असे की गाडी दारात वळायच्या आधी सांगायचा, हिचं बेअरिंग गेलंय. पण त्याच्या डोळ्यात एक खोट होती, जन्मापासूनची. त्याला लाल रंग दिसत नसे. म्हणजे दिसे, पण काळा दिसे. आणि आमच्या धंद्यात तर सगळा खेळ लाल आणि काळ्याचा! लाल प्लस, काळी मायनस. उलटी लागली की धूर.

हे फक्त मला माहीत होतं. वहिनीलासुद्धा लग्नानंतर चार वर्षांनी कळलं, तेही लाल साडीला दादा "काळी कशाला नेसलीस आज" म्हणाला तेव्हा. गिऱ्हाइकाला कळलं असतं तर संपलंच. म्हणून आमची पद्धत ठरलेली. दादा हळूच विचारणार, "लाल कुठली?" आणि मी ती वायर बोटानं धरून त्याच्या हातात देणार. तोंडानं सांगायचं नाही. वरची, खालची, उजवी, डावी, काही म्हणायचं नाही. हातातच द्यायची. हा नियम दादानंच घातलेला आणि मी बावीस वर्षं पाळलेला.

एक दिवस नाही पाळला.

एका वकिलाची गाडी होती, नवी कोरी नसली तरी महागडी. बॅटरी बदलायची, दहा मिनिटांचं काम. इंजिनच्या अल्याड दादा, पल्याड मी. दोघं समोरासमोर. माझ्या मोबाईलवर मॅच चालू होती, शेवटची दोन षटकं. दादानं विचारलं, "लाल कुठली?" आणि मी मान वर न करता म्हणालो, "उजवी."

माझी उजवी. त्याची डावी होती ती.

दादानं आपली उजवी धरली आणि लावली. ठिणगी उडाली, धूर निघाला, आतलं अर्धं वायरिंग गेलं. वकील धावत आला आणि आईबहिणीवर उतरला. आणि मी? माझी पाचावर धारण बसली. मी तिथं सगळ्यांसमोर ओरडलो, "मी डावी म्हणालो होतो! याला एक तर लाल-काळं कळत नाही, आता ऐकूही येत नाही! मी काय करू?"

हो. असं म्हणालो मी. शब्द न् शब्द आठवतो.

दादानं हात पुसले, पक्कड जागेवर ठेवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी नाही. महिन्याभरानं कळलं की एका गोदामात नोंदी ठेवायच्या कामाला लागलाय. एवढा उस्ताद माणूस खोकी मोजत बसला. मी एकदा घरी गेलो तर वहिनीनं दारातच सांगितलं, "ते झोपलेत." सकाळी अकरा वाजता. त्यानंतर मी काही गेलो नाही. मलाही राग आला, म्हटलं जा, बसा झोपून. राग कशाचा, ते विचारू नका. स्वतःच्या चुकीचा राग माणूस दुसऱ्यावरच काढतो ना, तसलं होतं ते.

असो. तर गाडी.

इंजिन थंड होईपर्यंत थांबलो. फ्यूज बघितला तर उडालेला. नवा घातला, चावी फिरवली, तोही उडाला. म्हणजे पंख्याची मोटरच जाम. खात्रीसाठी दोन वायरी लावून पंखा थेट बॅटरीला जोडला. नुसता गुरगुरला आणि बसला. पातं बोटानं फिरवून पाहिलं तर कुरकुर वाजत होतं.

"खलास," मी ठकीला म्हणालो. "नवा बसवावा लागेल."

इथं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, की या जुन्या गाडीचा पंखा मागवावा लागेल, उद्या मिळेल, आज काही निघू नका. कुणाला कळलं असतं? एक रात्र मिळाली असती मला. पण ठकी अशी विश्वासानं बघत होती की बोलवेना. शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो, तर त्या मेल्याकडे नेमका एक पंखा शिल्लक होता. एरवी साधा बल्ब मागितला तर नाही म्हणतो. त्या दिवशी हसत काढून दिला.

बॅटरीची मायनस काढली आणि जुना पंखा सोडवायला घेतला. चार बोल्ट, मग पंखा त्याच्या चौकटीसकट सरळ वर उचलायचा, रेडिएटरच्या पातळ पत्र्यांना धक्का न लावता. तो वर आला तेव्हा मला वायरी दिसल्या. कारखान्याचा प्लग कापून टाकला होता आणि जोड हातानं केले होते. गाडीकडून येणाऱ्या दोन्ही वायरींना गाठी मारलेल्या. एकीला एक गाठ, दुसरीला दोन.

"हे कुणी केलं?"

"बाबांनी. तीन वर्षांपूर्वी पंखा बदलला तेव्हा." ठकी हसली. "काय तमाशा केला माहितीये? आधी आईला बोलावलं, यातली लाल कुठली, हातात दे. मग मला बोलावलं. माझ्यावर विश्वास नाही, मग शेजारच्या आजोबांना बोलावलं. तिघांनी एकच वायर हातात दिली तेव्हा कुठं तिला गाठ मारली. आणि तरीसुद्धा मला परत विचारलं, तू लालच म्हणालीस ना? मला बरोबर ऐकू आलं ना?"

मी पाना शोधायला आत गेलो. पाना माझ्या हातातच होता.

"हल्ली सगळंच दोनदा विचारतात," ती बाहेरून सांगत होती. "आई कंटाळते. साधं जेवायला चला म्हटलं तरी, काय म्हणालीस? तसं ऐकू सगळं येतं हो त्यांना. पण विचारतात."

बाहेर आलो तेव्हा डोळे धड नव्हते माझे. त्या दुकानदाराच्या स्वस्तातल्या पंख्याच्या दोन्ही वायरी काळ्या. एकीवर म्हणे पांढरी बारीक रेघ असते, ती प्लस. मी पाहिली. मला वाटलं मी पाहिली. गाठी तशाच ठेवून जोड केले, टेप गुंडाळली, पंखा चौकटीत बसवला, बोल्ट आवळले. बॅटरी जोडली. पाणी गरम व्हायची वाट कोण बघणार, म्हणून पंखा थेट चालू केला. फिरला. घोंघों करत मस्त फिरला. ठकीनं टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पंख्याच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि गाडीच्या कडेला ठेवला.

"कुठवर आलं?"

दादाचा आवाज. सहा वर्षांनी. थोडा जाड झाला होता, बाकी तोच. मी तिथंच खिळलो.

"झालंच बाबा. पंखा बसला."

"काय म्हणालीस?"

"बसला पंखा! फिरतोय."

मग तो म्हणाला, "हा आवाज त्याचाच का? ठके, तो उलटा फिरतोय."

ठकीनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"मिस्त्रीला सांग, वायरी उलट्या लागल्यात. वारा आत ओढायच्या ऐवजी बाहेर ढकलतोय." मग त्याचा आवाज एकदम उतरला. "म्हणजे मला तसं वाटतंय. माझ्या कानांचं काही खरं नाही. तू त्याला कागद लावून बघायला सांग."

मी बाकावरचं एक बिल उचललं आणि पुढच्या जाळीला लावलं. पंखा बरोबर फिरत असेल तर कागद जाळीला चिकटतो. माझा कागद भिरकावला जाऊन रस्त्यावर पडला.

चार बस-स्टॉप पलीकडून, फोनवरून, त्या घोंघाटात त्यानं ओळखलं होतं. आणि मी, दोन धडधाकट डोळ्यांचा, पंख्यापुढं उभा राहून टाळ्या ऐकत होतो.

"बरोबर आहे बाबा, उलटाच आहे," ठकी म्हणाली.

"कोण मिस्त्री आहे तो?"

मी जोरजोरात मान हलवली, नको, नको. ठकीनं माझ्याकडे बघत सांगितलं, "काका आहेत."

फोन बंद झाला.

"काय केलंस हे?" मी तिच्यावर खेकसलो.

"खरं सांगितलं," ती म्हणाली. "तुमच्या घरात कुणीतरी सांगायला नको?"

तुमच्या घरात, म्हणे. कार्टी.

मी पंखा बंद केला, टेप काढली, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि ती मेली पांढरी रेघ शोधली. दुसऱ्याच वायरीवर होती. जोड बदलले. कागद लावला, फटकन चिकटला. मग इंजिन चालू ठेवून बसलो. काटा हळूहळू निम्म्यावर आला, थोडा वर गेला आणि पंखा आपोआप लागला. काटा खाली आला, पंखा बंद. दोनदा तसं होऊ दिलं. काम फत्ते. माझ्या आयुष्यात एखादं काम नीट झाल्याचं एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

"जा," मी म्हणालो. "चार वाजले. वाट बघत असेल."

"तो बघा," ठकी म्हणाली.

रस्त्याच्या पलीकडे बस थांबली होती आणि दादा उतरत होता. खांद्याला एक पिशवी. केस सगळे पिकलेले. रस्ता ओलांडून आला, माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ गाडीपुढं उभा राहिला.

"किल्ल्या देऊन आलो," त्यानं ठकीला सांगितलं. "चालू कर."

पंखा लागेपर्यंत तो तसाच उभा राहिला. लागल्यावर त्यानं डोळे मिटले आणि ऐकलं. मग हात पंख्यामागं इंजिनच्या बाजूला धरला, वारा येतोय का ते बघायला.

"विचार त्याला, फ्यूज तेवढ्याच ताकदीचा घातलाय ना?"

"सांग त्याला, तेवढ्याच," मी म्हणालो.

आम्ही दोघं दोन हातांवर उभे. ठकीनं कपाळावर हात मारला.

"विचार, गाठी ठेवल्यात का?"

"सांग, ठेवल्यात."

"बरं," दादा म्हणाला. "निघू या."

तो गाडीच्या दाराकडे वळला. दाराच्या कडीवर हात गेला. मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की शेजारचा दुकानदार बाहेर आला.

"दादा, मी उजवी म्हणालो होतो!"

तो थांबला.

"त्या दिवशी. मी उजवीच म्हणालो होतो. माझी उजवी. मॅच बघत होतो मी, मान वर केली नाही, वायर हातात दिली नाही. तुला बरोबर ऐकू आलं होतं. डावी म्हणालो होतो असं मी नंतर म्हणालो. खोटं बोललो, दादा. सगळ्यांसमोर खोटं बोललो."

ठकीनं इंजिन बंद केलं. दादा वळला आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं मारेल. मारावं असंही वाटत होतं. एक सणसणीत द्यावी, शिव्या घालाव्यात, आणि मग पिशवी बाकावर ठेवून म्हणावं, बारक्या, पाणी आण. एवढंच हवं होतं मला.

"उजवी म्हणालास," तो म्हणाला.

"हो."

"परत सांग."

"उजवी म्हणालो, दादा."

त्यानं मान हलवली. मग अगदी हळू आवाजात, जसं काही स्वतःलाच हिशेब देतोय, तसं बोलायला लागला.

"दोन डॉक्टर केले मी. कानाचे. त्या काचेच्या खोलीत बसवलं, मशीन लावलं. शिट्टी वाजली की बटण दाबायचं. दोन्ही वेळा सगळ्या शिट्ट्या ऐकू आल्या. दोघंही म्हणाले, कान ठणठणीत आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही, जा, काम करा."

"मग?" मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं.

"मग काय? मी म्हटलं, यांना काय कळतंय. माझा भाऊ डावी म्हणाला आणि मला उजवी ऐकू आली, तर कान चांगले कसे?" त्यानं दार उघडलं. "डॉक्टरांचं मी खरं मानलं नाही, बारक्या. तुझं मानलं."

आणि तो गाडीत बसला.